पार्किन्सन्ससाठी डीबीएस: खान्देशातून निघण्याआधी, ऑपरेशनच्या दिवशी आणि परत आल्यावर

आमच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, पार्किन्सन्ससाठी डीबीएस ('डीप ब्रेन स्टिम्युलेशन', मेंदूत तार बसवून विजेचे सूक्ष्म ठोके देण्याचं ऑपरेशन) झालंय हे एव्हाना चोपडा तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे शिरपूरहून, यावलहून, शहाद्याहून फोन येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ऑपरेशनला दिवस किती लागतात आणि पैसे किती?" मी आधी उलट विचारतो, "पुढच्या वर्षभरात त्यांना सात-आठ वेळा मुंबई-पुण्याला नेईल असं घरात कोण आहे?"

फोनवर माणूस गप्प होतो. पण खरी गोष्ट तीच आहे. ऑपरेशन एका दिवसात उरकतं. ते यंत्र त्या माणसाच्या मेंदूशी जुळवून घ्यायला मात्र सहा महिने, कधी वर्ष लागतं. मुंबईत राहणारा पेशंट दुपारी रिक्षाने जाऊन सेटिंग बदलून येतो. आपल्याला तापी ओलांडून जळगाव गाठायचं, रात्रीची गाडी धरायची, सकाळी उतरायचं आणि हे सगळं आखडलेल्या अंगाने करायचं. म्हणून हा लेख खान्देशातल्या घरांसाठी वेगळा लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, मुलगा आहे. औषधाचा प्रत्येक निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच. मात्र त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि घरी काय तयारी ठेवायची, हे आम्ही ठेचा खात शिकलो. ते तुम्हाला आयतं मिळावं एवढीच इच्छा आहे.

यंत्र करतं काय

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. डोपामिन कमी पडलं की हालचाल सांभाळणाऱ्या केंद्रांचा ताल बिघडतो. हात थरथरतो, अंग कडक होतं, पाऊल उचलत नाही. लेव्होडोपाची गोळी ही उणीव काही तासांपुरती भरून काढते. डीबीएसमध्ये त्या बिघडलेल्या केंद्रात, बहुतेक वेळा 'सबथॅलॅमिक न्यूक्लियस' नावाच्या पेशींच्या बारीकशा पुंजक्यात, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार बसवतात. ती तार कातडीखालून कानामागून मानेत आणि तिथून छातीत, गळ्याच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडतात. बॅटरी सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचे अगदी सूक्ष्म ठोके देते. लोक याला 'मेंदूचा पेसमेकर' म्हणतात, आणि ते चुकीचं नाही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १९८७ साली डॉ. अलीम-लुई बेनाबिद थरथर थांबवण्यासाठी मेंदूतला एक ठिपका जाळण्याचं ऑपरेशन करत होते. जागा तपासताना त्यांनी जलद ठोक्यांची वीज सोडली आणि थरथर तिथेच थांबली. मग जाळण्याऐवजी तार कायमची ठेवायची पद्धत आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थरथरीसाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सन्सच्या इतर त्रासांसाठी २००२ मध्ये तिला मान्यता दिली. म्हणजे हा नवखा प्रयोग राहिलेला नाही. फोनवर अनेकांना हीच भीती असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता एक नियम पाठ करा, बाकीचं विसरलात तरी चालेल: गोळी चढल्यावर जे सुधारतं, तेच डीबीएसने सुधारतं. गोळीचा असर चांगला असताना तुमचे वडील जसे असतात, तसे ते दिवसातला जास्त वेळ राहतील. त्याच्यापुढचं यंत्र देत नाही. अपवाद थरथरीचा. गोळीला दाद न देणारी थरथरही यंत्राला बऱ्याचदा दाद देते. पण गोळी चांगली चढलेली असतानाही तोल जातो, आवाज खोल जातो, विसर पडतो, तर ऑपरेशनने त्यात फरक पडणार नाही. बोलणं तर काहींचं थोडं आणखी अडखळतं. आजार मुळातून जात नाही, त्याची आतली चालही थांबत नाही.

आधी निदान पक्कं करा

आप्पांचा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा दीड वर्ष 'फ्रोझन शोल्डर' म्हणून शेक आणि व्यायाम चालला. चालताना तो हात हलत नाही हे आईच्या लक्षात आलं होतं, पण सांगायचं कोणाला? मध्येच चक्कर येते म्हणून एका डॉक्टरांनी सिनारिझिन सुरू केली आणि ती महिनोन् महिने चालू राहिली. चकरेच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन या गोळ्या आणि उलटीची मेटोक्लोप्रामाइड डोपामिनचं काम अडवतात. त्यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं उभी राहू शकतात आणि असलेला पार्किन्सन्स वाढू शकतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टसमोर ओता.

पार्किन्सन्ससारखे दिसणारे काही आजार वेगळे असतात आणि त्यांत डीबीएस उपयोगी पडत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणं, उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली येणं, डोळे वर-खाली न वळणं, लेव्होडोपाचा जवळपास काहीच फायदा न होणं ही त्यांची चिन्हं. हे आजार वेळ गेल्यावरच ओळखू येतात. त्यामुळे डॉक्टर सहसा आजाराला चारेक वर्षं झाल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढत नाहीत. ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.

शंभर पानी वही

न्यूरोलॉजिस्टकडे आपली पाळी दहा मिनिटांची असते आणि नेमकी त्या दहा मिनिटांत गोळी चढलेली असते. आप्पा तिथे ताठ चालून दाखवायचे आणि आई मागून डोक्याला हात लावायची. यावर उपाय वहीचा.

शाळेची साधी वही घ्या. पान आडवं धरून पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा. प्रत्येक रकान्यात चारपैकी एक खूण करायची: झोप, 'ऑफ', म्हणजे अंग आखडलेलं किंवा थरथर चालू, 'ऑन', म्हणजे मोकळं, आणि 'ऑन पण वळवळ', म्हणजे हालचाल आहे पण अंग आपोआप वाकडंतिकडं हलतंय. या शेवटच्या प्रकाराला डॉक्टर डिस्कायनेशिया म्हणतात. गोळीची वेळ लाल पेनाने, जेवणाची निळ्याने. असे सलग सात दिवस. खूण पेशंटने स्वतः करावी, हात चालत नसेल तर सांगून करून घ्यावी. मोबाइलवर 'ऑफ'मधला आणि 'ऑन'मधला एकेक व्हिडिओ काढा: खुर्चीतून उठणं, दहा पावलं, वळणं, शर्टाचं बटण लावणं.

आप्पांच्या वहीत मंगळवारच्या पानावर दुपारी दीड ते साडेतीन असे सलग चार रकाने 'ऑफ' होते. निळी खूण एकची. त्या दिवशी कळण्याच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ होती आणि गोळी जेवणानंतर लगेच घेतलेली. डाळ, दूध, शेंगदाणे यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या दारात लेव्होडोपाची वाट अडवतात. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी आणि डाळीचा मोठा वाटा रात्री, एवढ्यानेच त्यांचा रोजचा तासभर सुटला. ऑपरेशनच्या गप्पा सुरू करण्याआधी हे करून बघा. काही घरांना पुढची दोन-तीन वर्षं ऑपरेशनची गरजच पडत नाही.

वही भरल्यावर तीन आकडे काढा. लेव्होडोपा दिवसातून ५ किंवा जास्त वेळा लागते का? 'ऑफ'चा वेळ २ तास किंवा जास्त आहे का? त्रासदायक वळवळ १ तास किंवा जास्त आहे का? जगभरचे तज्ज्ञ '५-२-१' हीच खूण वापरतात. यातलं एकही असेल तर डीबीएससारख्या पुढच्या उपचारांबद्दल विचारण्याची वेळ आली आहे. पुढचा उपचार म्हणजे फक्त डीबीएसच, असंही नाही. कातडीखालून औषध सोडणारा अपोमॉर्फीनचा पंपही असतो. तोही विचारा.

पात्रतेची परीक्षा

मोठ्या केंद्रात गेल्यावर पहिली मुख्य परीक्षा लेव्होडोपाची. आदल्या रात्रीपासून, साधारण बारा तास, पार्किन्सन्सची गोळी द्यायची नाही. सकाळी पेशंट पूर्ण 'ऑफ'मध्ये. डॉक्टर बोटं उघडमीट करायला लावतात, टाच आपटायला लावतात, चालवतात, मागून झटका देऊन तोल बघतात आणि गुण मांडतात. मग नेहमीच्या सकाळच्या डोसपेक्षा थोडा जास्त, बहुधा दीडपट डोस देतात आणि तो चढल्यावर तीच परीक्षा पुन्हा घेतात. गुणांत साधारण तीस टक्के किंवा त्याहून जास्त सुधारणा दिसली तर गाडी पुढे जाते.

ती सकाळ आम्हाला जड गेली. आप्पांना बाकावरून उठताच येईना, तोंडातून लाळ गळत होती, आणि मी गोळी का लपवून ठेवली म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. त्यांना आदल्या रात्री नीट समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही सांगा. आणि हे बारा तास फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या नजरेखाली. घरी आपल्या मनाने लेव्होडोपा एकदम तोडली तर जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं, शुद्ध हरपणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो.

याशिवाय एमआरआय होतो, आणि मानसतज्ज्ञ तास-दोन तास बसून स्मरणशक्ती आणि मन तपासतात. ही तपासणी 'नुसती कागदोपत्री' समजून उरकू नका. स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल तर ऑपरेशनने तो बळावू शकतो. नैराश्य असेल तर आधी त्याचा उपचार. सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे धोका वाढतो. वयाची एकच पक्की रेघ नसली तरी अंगातली ताकद, हृदय, साखर हे सगळं बघून ठरतं.

फायदा किती आणि धोका किती, हे आकड्यांत ऐकायचं असेल तर अमेरिकेतला २००९ साली प्रसिद्ध झालेला २५५ पेशंटांचा अभ्यास आहे. सहा महिन्यांनंतर ऑपरेशन झालेल्यांना वळवळीच्या त्रासाशिवायचा 'ऑन' वेळ दिवसाला सरासरी ४.६ तासांनी वाढून मिळाला. नुसत्या औषधांवर असलेल्यांचा वाढलाच नाही. पण गंभीर त्रास ऑपरेशनवाल्यांत १०० पैकी ४० जणांना झाला आणि औषधवाल्यांत ११ जणांना. त्यातले बहुतेक पुढे निवळले, तरी मेंदूत रक्तस्राव होऊन एकाचा मृत्यूही झाला होता. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका साधारण शंभरात एक-दोघांना असतो, आणि जखमेत किंवा तारेजवळ जंतुसंसर्ग त्याहून थोड्या जास्त जणांना. घरातल्या सगळ्यांनी, पेशंटसकट, हे आकडे एकत्र बसून ऐकावेत. आमच्याकडे काकांना ते ऐकवले नव्हते. आयसीयूच्या दारात त्यांनी जो आवाज चढवला तो टाळता आला असता.

केंद्र आणि पैसा

केंद्र निवडताना इमारत बघू नका. विचारा: वर्षाला इथे किती डीबीएस होतात? न्यूरोसर्जन आणि पार्किन्सन्सचे खास न्यूरोलॉजिस्ट दोघं एकत्र काम करतात का? ऑपरेशननंतर प्रोग्रॅमिंग, म्हणजे यंत्राच्या सेटिंगची जुळणी, कोण करणार, डॉक्टर स्वतः की कंपनीचा माणूस? तो माणूस आठवड्यातून किती दिवस असतो? आपल्या बाजूला, नाशिकला किंवा नंदुरबारकरांसाठी सुरतेला, त्याच यंत्राचं प्रोग्रॅमिंग करणारं कोणी आहे का? काही यंत्रांत इंटरनेटवरून दुरून सेटिंग बदलण्याची सोय असते. ती आपल्या मॉडेलमध्ये आहे का? आपल्यासाठी या शेवटच्या दोन प्रश्नांचं मोल पहिल्या दोघांइतकंच आहे. देशात बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा या सरकारी संस्थांत डीबीएस होतं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही होतं.

खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा यंत्राचा. सगळं मिळून हिशोब दोन आकडी लाखांत जाऊ शकतो, म्हणून कोटेशन लेखी घ्या आणि त्यात यंत्र, रुग्णालय, तपासण्या, वर्षभराचं प्रोग्रॅमिंग हे वेगवेगळं लिहून मागा. आरोग्य विमा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. विमा नियामकाच्या नियमांत 'आधुनिक उपचारां'च्या यादीत डीबीएसचं नाव आहे, तेव्हा कंपनी ते सरसकट नाकारू शकत नाही. मात्र पॉलिसीत त्यासाठी वेगळी कमाल रक्कम घातलेली असू शकते. ते पान शोधून वाचा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा आणि यंत्राची किंमत त्यात धरतात का, हे स्पष्ट विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान सहाय्यता निधी यांची चौकशी ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी करा. मागाहून केलेल्या अर्जाला फार वाव नसतो. केळीचा माल उतरल्यावर पैसा येईल या हिशोबावर तारीख धरू नका. भाव कधी पडेल याचा नेम नाही, आणि ऐनवेळी तारीख सोडली तर पुढची महिन्यांनी मिळते.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढता येतं. ऑपरेशन होवो न होवो, ते काढून ठेवा.

बॅटरीची निवडही इथेच करायची असते. साधी बॅटरी सेटिंगनुसार तीन ते पाच वर्षं चालते. मग छातीवर छोटं ऑपरेशन करून नवी बसवायची, आणि तिचा खर्च पुन्हा लाखांत. चार्जिंगची बॅटरी पंधरा वर्षं किंवा जास्त टिकते, पण ती साधारण आठवड्याला, काहींना रोज थोडी, छातीवर चार्जर ठेवून भरावी लागते. सुरुवातीला ती महाग पडते. आमच्या फीडरवर उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी घाबरलो होतो. पण चार्जर आधी प्लगला भरून ठेवता येतो आणि मग लाइट नसतानाही चालतो. खरा प्रश्न वेगळा आहे: दर आठवड्याला न विसरता हे करणारं माणूस घरात आहे का? म्हातारा-म्हातारी दोघंच मळ्यात राहत असतील तर साधी बॅटरी घ्या, असं माझं मत.

निघण्याआधी

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सर्जनला आधीच सांगा. त्या कधी थांबवायच्या हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. साखर आटोक्यात आणा. किडका दात, पायाची चिघळलेली जखम, लघवीचा संसर्ग आधी बरा करा, कारण अंगात जंतू असताना तार बसवणं धोक्याचं.

डोकं बहुधा पूर्ण भादरतात. हे आधी गावात सांगून ठेवा. आप्पा तुळतुळीत डोक्याने घरी आले तेव्हा ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांनी "कोण गेलं?" म्हणून विचारलं आणि आई दोन दिवस अस्वस्थ होती. ती मळ्यातली जुनी पांढरी टोपी मग सहा आठवडे डोक्यावरून उतरली नाही. टोपी सैल आणि सुती असावी, टाक्यांवर घासणारी नको.

शक्य असेल तर एप्रिल-मे टाळा. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. घामाने जखम ओली राहते, आणि पार्किन्सन्समध्ये मुळातच खाली येणारं बीपी पाणी कमी पडलं की आणखी घसरतं. दिवाळीनंतरचे महिने बरे.

ऑपरेशनचा दिवस

सकाळी गोळी नाही. कपाळाच्या आणि डोक्याच्या मागच्या बाजूला भुलीची सुई देऊन चार खिळ्यांवर एक धातूची चौकट बसवतात. पेशंटला सगळ्यात जास्त हीच पायरी खटकते. दाब जाणवतो, पण थोड्या वेळात बधिर होतं. चौकटीसकट सीटी स्कॅन होतं, ते आधीच्या एमआरआयशी संगणकावर जुळवतात आणि तारेची वाट मिलिमीटरच्या हिशोबाने आखतात. मग कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान असं भोक पाडतात.

पुढचं आप्पांनी सांगितलेलं. ते जागे होते. बऱ्याच केंद्रांत या टप्प्यावर पेशंटला जागं ठेवतात, काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. बारीक सुई आत जाताना पेशींचा विजेचा आवाज स्पीकरवर ऐकू येतो. आप्पा म्हणाले, "पत्र्यावर पाऊस पडत होता." योग्य जागी पोचल्यावर तो आवाज दाट होतो. मग करंट सोडून बघतात. मूठ उघडा-मिटा, अंक मोजा, नाव सांगा, तोंड ओढल्यासारखं वाटतं का, डोळ्यापुढे दोन दोन दिसतात का? त्याच वेळी त्यांच्या उजव्या हाताचं मनगट, जे नऊ वर्षं थांबलं नव्हतं, ते सैल पडलं. "मना हात थांबना" (माझा हात थांबला), एवढंच ते डॉक्टरांना म्हणाले, आणि डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती तरी कळलं.

दोन्ही बाजूंच्या तारा बसायला पाच-सहा तास सहज जातात. मग पूर्ण भूल देऊन छातीत बॅटरी बसवतात, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी. रुग्णालयात साधारण चार-पाच ते सात दिवस, टाके दहा ते चौदा दिवसांनी. बाहेर बसणाऱ्यांनी डबा आणि पाणी जवळ ठेवावं. दर तासाला आतून कोणी येऊन सांगेल ही अपेक्षा ठेवू नये.

पहिले सहा महिने

घरी परतल्यावर पहिले काही दिवस पेशंट बऱ्याचदा एकदम छान असतो. बॅटरी सुरूही केलेली नसते. तार आत जाताना त्या जागेला किंचित सूज येते आणि तिचाच तो परिणाम. आठ-पंधरा दिवसांत, कधी थोडं पुढेमागे, ही सूज उतरते आणि थरथर परत येते. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. ऑपरेशन फसलं असंच सगळ्यांना वाटलं. हे असं होऊ शकतं, असं आधीच कुणी सांगितलं असतं तर! म्हणून तुम्हाला सांगतो.

बॅटरी सहसा दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतात. पहिल्या प्रोग्रॅमिंगला पेशंट गोळीविना, 'ऑफ'मध्ये लागतो. मग गाडीचा प्रवास 'ऑफ'मध्ये करायचा का? मुळीच नाही. आदल्या दिवशी दुपारी निघा, गोळ्या वेळेवर देत जा, रात्री रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत किंवा लॉजवर मुक्काम करा आणि फक्त सकाळची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थांबवा. दुपारची गोळी आणि पाण्याची बाटली खिशात. आम्ही पहिल्या वेळी सरळ रात्रीच्या गाडीने गेलो आणि सकाळी स्टेशनच्या जिन्यापाशी आप्पांचे पाय फलाटाला चिकटल्यासारखे झाले. दोन हमालांनी उचलून वर आणलं.

तारेच्या टोकाला चार किंवा आठ ठिकाणं असतात. कुठल्या ठिकाणाहून, किती करंट, किती जलद, किती रुंद ठोका, याची जुळणी करत डॉक्टर थोडं थोडं वाढवत नेतात. परिणाम काही लगेच दिसतात आणि काही दिसायला दिवस लागतात. थरथर चटकन थांबते, चाल हळू सुधारते. म्हणून एका भेटीत सगळं बसत नाही. दर भेटीआधी तीन दिवसांची वही पुन्हा भरा. दर भेटीनंतर नव्या सेटिंगचा कागद मागून घ्या आणि फाइलला लावा. वाट चुकली तर आधीच्या सेटिंगवर परत जाता येतं. घरच्या रिमोटवर दोन-तीन कार्यक्रम ठेवून देतात. कुठला कधी लावायचा हे पेशंटला आणि घरातल्या आणखी एकाला यायला हवं.

गोळ्या हळूहळू कमी होतात, सबथॅलॅमिक जागेसाठी बहुतेकांच्या तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत. पूर्ण बंद होतील या आशेवर राहू नका आणि स्वतःहून कमी करू नका. याच काळात स्वभावावर लक्ष ठेवा. काहींना उदास वाटतं, 'आता कशाला जगायचं' असं तोंडून येतं. काही उलट अति उत्साही होतात, पैसे उधळतात. हे 'म्हातारपणाचं' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी बदलून किंवा सेटिंग बदलून ते आवरता येतं. वजन वाढतं, तेही जपा. आप्पांचं पहिल्या वर्षात सहा किलो वाढलं, शेवभाजी आणि जिलेबी दोन्हींचा त्यात हात.

व्यायाम सोडायचा नाही. सकाळी मोठमोठी पावलं टाकत चालणं, मोठ्या आवाजात वाचन. आप्पा हरिपाठ खणखणीत म्हणतात, म्हणजे आवाजालाही व्यायाम. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स सोसायटी पेशंटांना आणि घरच्यांना एकत्र आणून मार्गदर्शन करतात. त्यांच्याशी जोडून घ्या. ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या माणसाशी बोलल्याने जे कळतं ते डॉक्टरांच्या दहा मिनिटांत कळत नाही.

आयुष्यभर जपायचं

यंत्राचं ओळखपत्र खिशात, त्याचा फोटो घरातल्या चार जणांच्या मोबाइलमध्ये.

फिजिओथेरपीतला 'डायथर्मी'चा शेक कधीच नाही, शरीरावर कुठेही नाही. त्याची ऊर्जा तारेतून मेंदूत जाऊन तिथली जागा भाजू शकते. माणूस दगावू शकतो. आप्पांचा गुडघा दुखत होता म्हणून आम्ही एका दवाखान्यात गेलो. यंत्राची गादी गुडघ्याखाली सरकवलीही होती. मी कार्ड दाखवलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, गुडघ्यालाच तर देतोय." आईने आप्पांना हाताला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. गरम पाण्याची पिशवी चालते.

एमआरआय काही यंत्रांत ठरावीक अटींवरच करता येतो. म्हणून तुमच्या केंद्राला विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नका. दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी मोतीबिंदूचं किंवा दाताचं, तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्तवाहिनी जाळण्याच्या कॉटरीचा प्रकार त्यांना बदलावा लागतो. वेल्डिंगजवळ, विजेच्या सबस्टेशनजवळ थांबू नका. मळ्यातल्या वेल्डिंगचं काम दुसऱ्याला सांगा. मिरवणुकीतल्या डीजेच्या मोठ्या स्पीकरला खेटून उभं राहू नका, त्यात मोठी चुंबकं असतात. मोबाइल, टीव्ही, मिक्सर, पंपाचं स्टार्टर यांनी रोजच्या वापरात काही होत नाही, फक्त मोबाइल बॅटरीवरच्या खिशात ठेवू नका.

एकाएकी सगळी लक्षणं परत आली तर आधी रिमोटने बघा: यंत्र चालू आहे का, बॅटरी किती आहे. बंद पडलेलं असेल आणि चालू होत नसेल तर ती तातडीची वेळ आहे. वर्षानुवर्षं यंत्रावर असलेल्या माणसाचं यंत्र अचानक थांबलं तर अंग कडक होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. जखमेवर लाली, गरमपणा, पू, ताप किंवा कातडी पातळ होऊन तार दिसायला लागणं, यासाठी मलमाच्या भानगडीत न पडता थेट केंद्र. उलटी झाली म्हणून गावात मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन देऊ देऊ नका. न्यूरोलॉजिस्टने लिहून दिलेलं पर्यायी औषध कार्डाबरोबरच ठेवा.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कोणी बोलत नाही, पण डॉक्टरांनी आम्हाला सांगितली आणि ती कागदावर लिहून फाइलच्या मागच्या कप्प्यात ठेवली आहे. पेशंटचं निधन झालं तर दहनाआधी छातीतली बॅटरी काढून घ्यावी लागते, नाहीतर ती आगीत फुटते. स्मशानात गेल्यावर आठवायची ही गोष्ट नाही. तो कागद कुठे आहे हे मला, माझ्या बहिणीला आणि आईला माहीत आहे, आणि तो तिथे ठेवायला आप्पांनीच सांगितलं.